कडू भोपळ्याचा तुंबा आणि परदेशी माते

माझा भाचा बोटीवर इंजिनीअर आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तो नाशिकला आला तेव्हा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मावशी, ओळख बघू काय आहे ते." कागद सोडवला, तर आत मुठीत मावेल एवढा, वरून कापलेला, तपकिरी, गुळगुळीत आणि हाताला अगदी हलका लागणारा एक पोकळ गोळा होता. मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे विचार करावा लागला नाही. नखाने टिचकी मारली, कानाशी धरला आणि म्हटले, "अरे, हा तर आपला दुधी!" त्याचा चेहराच पडला. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसच्या बंदरातून इतक्या दुरून जपून आणलेल्या भेटीला मावशीने भाजीत काढले होते.

त्या भांड्याला माते म्हणतात आणि त्यातून जे पितात त्यालाही मातेच म्हणतात. ज्या पानांपासून ते करतात, ती अर्धा किलोची पुडी त्याने नंतर पिशवीतून काढली आणि शेवटी चांदीसारखी दिसणारी एक नळी काढली, जिच्या खालच्या टोकाला चपट्या चमच्याएवढी जाळी होती. नळीचे नाव 'बोंबिया' आहे. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी तिचा बोंबील केला आणि तेव्हापासून रोज सकाळी मी पाणी तापवायला ठेवले की हे हात जोडून "हे माते!" असे म्हणतात. या विनोदाला आता तीन वर्षे झाली, तरी तो त्यांना जुना वाटत नाही.

नावाची गंमत मात्र खरी पुढेच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत भोपळ्याच्या भांड्याला 'माती' असा शब्द आहे. आपल्या मातीशी त्याचा काही संबंध नाही, कानाला मात्र तो ओळखीचा वाटतो. स्पॅनिश लोकांनी त्याचा 'माते' केला आणि त्याला 'येर्बा', म्हणजे वनस्पती किंवा औषधी पाला, हा आपला शब्द जोडला. येर्बा माते म्हणजे सरळ मराठीत 'तुंब्यातला पाला'. आपण चहाला कधी 'कपातली पाने' म्हणत नाही. इथे मात्र भांड्याचे नाव पेयाला मिळाले आहे आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण या साऱ्या प्रकारात शिकण्यासारखे जे आहे त्यातले निम्म्याहून अधिक भांड्यातच आहे. गोंधळ नको म्हणून मी पुढे पानांना येर्बा, भांड्याला तुंबा आणि पेयाला माते म्हणणार आहे.

हा तुंबा ज्या वेलाचा, तो वेल लॅजेनारिया सिसेरारिया. आपल्या बाजारात भाजीला येणारा दुधी, साधूच्या हातातला कमंडलू, मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आणि पालघर-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात घुमणारा तारपा, हे सगळे याच एका जातीचे निरनिराळे वाण आहेत. तंबोऱ्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून मिरजेला जातात, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत असते. पण आमच्या नाशिकमध्ये भोपळ्याची आठवण निघते ती पोहण्यावरून. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो आणि माझ्या वडिलांच्या पिढीतली मुले पाठीला सुका भोपळा बांधून गंगेवरच पोहायला शिकली. वडील सांगत की, भोपळा बांधलेला मुलगा बुडत नाही, पण त्याला भोपळ्याशिवाय पाण्यात उतरवणे हे गुरुजींचे खरे काम असे.

या तरंगण्याचा आपल्या विषयाशी संबंध आहे. भोपळा मूळचा आफ्रिकेतला. अमेरिकेत तो सुमारे दहा हजार वर्षांपासून आहे, म्हणजे तिथे कुंभाराचे चाक पोचण्याच्या किती तरी आधीपासून. तो तिथे गेला कसा, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुष्कळ वाद घातला. प्राचीन अमेरिकी भोपळ्यांच्या डीएनएचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते आफ्रिकेतल्या भोपळ्यांच्या जवळचे निघाले आणि फळे अटलांटिक महासागरावर आपोआप तरंगत पलीकडे लागली असावीत, या तर्काला बळ मिळाले. जो भोपळा माझ्या वडिलांना रामकुंडापलीकडे घेऊन गेला, त्याच्याच भाऊबंदांनी एक महासागर पार केला असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही.

येर्बाचे झाड मात्र आपल्याकडे कोणाच्या ओळखीचे नाही. त्याचे शास्त्रीय नाव आयलेक्स पॅराग्वारियेन्सिस. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द सॅंत-हिलेर यांनी १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले. चहाशी त्याचे काहीही नाते नाही. नाताळात ज्या काटेरी पानांच्या लाल फळांच्या फांद्या चित्रांत दिसतात, त्या हॉलीच्या कुळातले हे झाड आहे आणि याच आयलेक्स प्रजातीची काही वेगळी झाडे आपल्या निलगिरीच्या शोला जंगलांतही आहेत, फक्त ती उकळून कोणी पीत नाही. जंगलात ते पंधरा मीटरपर्यंत सहज वाढते, पण मळ्यात पाने तोडणाऱ्याच्या हाताला यावे म्हणून छाटून बुटके ठेवतात. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि अर्जेंटिनाचा मिसियोनेस प्रांत हा त्याचा मुलूख. तिथली माती आपल्या कोकणातल्यासारखी लालभडक असते, असे भाच्याने फोटो दाखवून सांगितले. आज सर्वांत जास्त येर्बा अर्जेंटिनात पिकते.

मला या झाडाच्या चरित्रातला सर्वांत रंजक भाग वाटतो तो बियांचा. तिथले मूळ रहिवासी ग्वारानी लोक शतकानुशतके जंगलातल्या झाडांची पाने आणत. त्यांच्या भाषेत या वनस्पतीला 'काआ' म्हणतात. बी पेरून मात्र ते सहजासहजी उगवत नाही, कारण फळ पिकते तेव्हा आतला अंकुर अपुराच असतो आणि तो पुरा व्हायला महिनोन्महिने लागतात. ही हातोटी पहिल्यांदा साधली ती जेझुइट पाद्र्यांना. ग्वारानींच्या वसाहतींत त्यांनी येर्बाच्या बागा उभ्या केल्या. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या राज्यातून हद्दपार केले, बागा उजाड झाल्या आणि लागवडीची विद्याही विसरली गेली. पुढे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हंबोल्टचा सहप्रवासी, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोंप्लां हा पाराना नदीकाठी येर्बाची लागवड पुन्हा करून पाहू लागला, तर पॅराग्वेचा हुकूमशहा फ्रान्सिया याने १८२१ मध्ये त्याला धरून नेले आणि सुमारे नऊ वर्षे देशाबाहेर जाऊ दिले नाही. पॅराग्वेच्या येर्बाला प्रतिस्पर्धी उभा राहू नये, हा त्यामागचा एक हेतू होता. एका झाडाच्या बियांसाठी वनस्पतिशास्त्रज्ञ कैदेत पडल्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. तेव्हा येर्बा चाखण्याचा योग मात्र आला नव्हता.

तोडलेल्या पानांना प्रथम काही सेकंद ज्वाळांची धग देतात. त्यामुळे पाने काळी पडत नाहीत, हिरवी राहतात. मग ती वाळवतात, जाडीभरडी कुटतात आणि अर्जेंटिनात साधारणपणे नऊ महिने ते दोन वर्षे कोठीत मुरवत ठेवतात. ब्राझीलमध्ये मुरवण्याची पद्धत नाही. तिथली येर्बा पोपटी रंगाची आणि जवळजवळ पिठासारखी बारीक असते. काही पुड्यांत बारीक काड्याही घातलेल्या असतात. काड्यांमुळे चव सौम्य होते. भाच्याने आणलेली पुडी काड्यांची होती. ती फोडली तेव्हा वाळल्या गवताच्या गंजीचा आणि न्हाणीघरातल्या जुन्या बंबाच्या धुराचा मिळून एक वास आला. आमच्या ह्यांचे मत 'बिडीचा पुडा' असे पडले.

करण्याची रीत भाच्याने दाखवली, ती मी लिहून ठेवली आहे. तुंबा पाऊण भरेल इतकी येर्बा घालायची. तोंडावर तळहात ठेवून तुंबा उलटा करायचा आणि हलवायचा, म्हणजे बारीक भुकटी तळाशी न बसता वर येते आणि पुढे नळीच्या जाळीत अडकत नाही. मग तुंबा तिरका करून येर्बा एका बाजूला उतरती लावायची, डोंगराच्या उतारासारखी. मोकळ्या राहिलेल्या बाजूला आधी थोडे कोमट पाणी घालून पाने फुलू द्यायची, तिथेच बोंबिया तळापर्यंत रोवायची आणि मग त्याच खळग्यात गरम पाणी सोडायचे. डोंगराचा माथा कोरडा राहिला पाहिजे, कारण त्या कोरड्या भागातूनच पुढच्या घोटांना चव मिळत जाते. एकदा रोवलेली बोंबिया हलवायची नाही. मी पहिल्याच दिवशी सवयीने ती चमच्यासारखी फिरवली, सगळा गाळ जाळीत गेला, नळी बंद पडली आणि गाल दुखेपर्यंत ओढूनही घोट वर येईना. भाचा हसला नाही, हे त्याचे मोठेपण.

पाणी कधीही उकळते घ्यायचे नाही. ७० ते ८० अंश सेल्सियस पुरे. आपल्या भाषेत सांगायचे तर आधण येऊ द्यायचे नाही. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले आणि पाणी गुणगुणू लागले की उतरवायचे. उकळते पाणी पडले तर येर्बा करपल्यासारखी कडू होते आणि चार घोटांत निःसत्त्व होते. नीट केलेल्या तुंब्यात मात्र थर्मासभर पाणी पुनःपुन्हा घालून पिता येते. पहिला घोट तुरट, कडवट, जिभेला खरखरीत लागणारा असतो. चौथ्या-पाचव्या भरणीला त्यात थोडी गोडसर छटा येते आणि मग हळूहळू नुसते हिरवट पाणी उरते. दूध-साखरेच्या चहावर वाढलेल्या माणसाला हे पेय आवडायला किमान पंधरा दिवस द्यावे लागतात. मी महिना घेतला.

ज्याच्या हाती तुंबा आणि थर्मास, त्याला स्पॅनिशमध्ये सेबादोर म्हणतात. मला यासाठी आपला 'वाढपी' हा शब्द चपखल वाटतो. सगळे गोल बसतात, वाढपी तुंबा भरतो, एकाला देतो, तो शेवटपर्यंत ओढून रिकामा तुंबा परत करतो, वाढपी पुन्हा भरून पुढच्याला देतो. तुंबा एक, नळी एक, माणसे सहा. सर्वांत पहिला, सर्वांत कडू तुंबा वाढप्याने स्वतःच प्यायचा असतो. पाहुण्याच्या वाट्याला तो येऊ द्यायचा नाही. आणि मध्येच 'ग्रासियास', म्हणजे आभारी आहे, असे म्हटले तर त्याचा अर्थ 'मला आता पुरे' असा होतो. भाचा पहिल्यांदा बंदरावर पाहुणा होता, तेव्हा शिष्टाचार म्हणून पहिल्याच घोटाला आभार मानून बसला आणि नंतर तासभर तुंबा त्याच्यासमोरून इकडून तिकडे जात राहिला. आपल्याकडच्या पंगतीत ताटावर आडवा हात धरूनही आग्रह थांबत नाही. तिथे एका शब्दात वाढणे बंद होते, याचे मला थोडे कौतुकही वाटते.

इथवर सांगून झाले की आमच्या कट्ट्यावरच्या मैत्रिणी एकच प्रश्न विचारतात, "म्हणजे सगळ्यांनी एकमेकांचे उष्टे प्यायचे?" होय, उष्टेच. या एका शब्दापाशी येऊन माते आपल्या घरात अडते. आपण तांब्याने वरून पाणी पिणारी माणसे. माझी आजी तर फुलपात्राला ओठ लागला तर ते घासून घेत असे. दक्षिण अमेरिकेत मात्र त्या एका नळीतच सारा जिव्हाळा आहे. अनोळखी माणसाला तुंबा देणे म्हणजे त्याला आपल्यात घेणे आणि नळी पुसून पिणे हा देणाऱ्याचा अपमान. लेबनॉनच्या डोंगरी भागात अर्जेंटिनातून परतलेल्या लोकांनी माते नेले, तिथे पुढच्याला देण्यापूर्वी नळीचे टोक लिंबाच्या सालीने चोळतात, असे वाचले तेव्हा माझ्या मैत्रिणींना जरा बरे वाटले. शेजारच्या सीरियात तर माते इतके रुजले आहे की अर्जेंटिनाच्या येर्बाचा तो मोठा गिऱ्हाईक देश आहे. २०२० च्या साथीत खुद्द अर्जेंटिनातही ज्याचा तुंबा त्यानेच वापरावा असे सांगावे लागले. तिथल्या लोकांना ते किती जड गेले असेल याची कल्पना मला करता येते, कारण त्याच वर्षी आपल्यालाही हळदीकुंकू सोडावे लागले होते.

मी यातून आमच्यापुरती वाट काढली. तुंब्यातून मी एकटी पिते. मैत्रिणी आल्या तर 'माते कोसिदो' करते, म्हणजे येर्बा पातेल्यात चहासारखी पाण्यात घालून, झाकून, गाळून प्रत्येकीला वेगळ्या कपात देते. अर्जेंटिनातल्या घरांत मुलांना नाश्त्याला असेच दूध-साखर घालून देतात. ते वाईट लागत नाही. पण मग तो एक वेगळा चहा होतो, माते राहत नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. नव्या तुंब्याला वापरण्यापूर्वी तयार करावे लागते. आतून ओली येर्बा भरून दिवसभर ठेवायची, मग आतला सुटलेला मऊ पापुद्रा चमच्याच्या कडेने हलक्या हाताने खरवडायचा, धुवायचा आणि पुन्हा एकदा तसेच करायचे. ते मी व्यवस्थित केले. चुकले ते नंतर. आपल्या सवयीप्रमाणे मी तो वापरून झाल्यावर धुऊन, पालथा घालून फळीवर ठेवत असे. उन्हाळाभर काही झाले नाही. पुढे आषाढ लागला, चार दिवस ऊन पडले नाही, मी त्या आठवड्यात मुलीकडे पुण्याला होते आणि परत येऊन पाहते तर तुंब्यात आतून करडी-हिरवी, मखमलीसारखी बुरशी. भोपळ्याची भिंत सच्छिद्र असते, ती पाणी पिते, आणि पालथे घातल्यावर आतला दमट वारा कोंडून राहतो. तो तुंबा आडवा, तोंड उघडे ठेवून, वाऱ्याला ठेवायला हवा होता. वर्गात दरवर्षी बुरशीचे धडे शिकवणाऱ्या बाईच्या घरी हे घडले. गरम पाणी, ऊन, सारे करून पाहिले, पण वास गेला नाही आणि बुरशीच्या भांड्यातून पिण्याचा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. तो मी टाकून दिला.

यानंतर भाच्याने फोनवर सुचवले की, दुसरा आणतो, यावेळी भोपळ्याचा नको. प्रकार पुष्कळ आहेत. पॅराग्वेत बैलाच्या शिंगाचे भांडे वापरतात, त्याला 'ग्वाम्पा' म्हणतात. पालो सांतो नावाच्या सुगंधी, जड लाकडाचे भांडे मिळते, पण त्या झाडाच्या व्यापारावर २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. भोपळ्याला बाहेरून चामडे शिवून वर नक्षीदार धातूची कड बसवलेला 'इम्पेरियाल' भारदस्त दिसतो. ब्राझीलच्या दक्षिणेतला तुंबा, तिथे त्याला 'कुइया' म्हणतात, आपल्या छोट्या तांब्याएवढा मोठा असतो. वसाहतकाळात श्रीमंतांसाठी चांदीचे तुंबेही घडत. काच, स्टील, चिनी माती, सिलिकॉन, सगळे आता मिळते. बोंबिया पूर्वी बोरूसारख्या पोकळ काडीची असे, आता स्टीलची किंवा जर्मन सिल्व्हरची असते. तरी जुने लोक भोपळ्यालाच धरून आहेत, कारण तो हात भाजू देत नाही आणि वापरता वापरता येर्बा त्याच्या भिंतीत मुरते. लोखंडी तवा जसा वर्षानुवर्षे मुरतो, तसेच हे.

मी भाच्याला सांगितले की काही आणू नकोस. भोपळा आपल्याकडेही आहे.

त्याकडे वळण्याआधी औषधी गुणांचे बोलते, कारण लोकांना सर्वांत आधी तेच हवे असते. 'वजन उतरते का', 'साखर कमी होते का', 'पोट साफ होते का', असे प्रश्न मला भाजी घेतानाही विचारले जातात. येर्बात कॅफीन आहे. 'मातेईन' नावाचे वेगळे, सौम्य द्रव्य त्यात असते असे पुड्यांवर कधी कधी लिहिलेले आढळते, पण तो रेणू कॅफीनच आहे, दुसरा कोणी नाही. त्याशिवाय थोडे थिओब्रोमीन, क्लोरोजेनिक आम्ले आणि फेस आणणारी सॅपोनिन द्रव्ये असतात. थकवा घालवणे, लघवी साफ करणे आणि भूक मंदावणे, हे तिचे पारंपरिक उपयोग. यातले पहिले दोन युरोपच्या औषध नियामकानेही 'पारंपरिक वापर' म्हणून मान्य केले आहेत, आणि पारंपरिक वापर याचा अर्थ 'फार काळ लोक वापरत आले आहेत' इतकाच असतो. मला स्वतःला सकाळी माते घेतल्यावर तरतरी येते. दुपारी चारनंतर घेतले तर रात्री अकराला डोळे टक्क उघडे असतात. जेवणाला लागून घेत नाही, कारण चहाप्रमाणेच तेही अन्नातल्या लोहाच्या शोषणाला आडवे येते आणि आपल्याकडे बायकांत रक्त कमी असण्याचे प्रमाण आधीच फार आहे. गरोदर स्त्रीने किंवा छातीत धडधड होणाऱ्याने कॅफीनचा जो विचार करायचा, तोच इथेही करावा.

एक इशारा मात्र मी प्रत्येकाला आवर्जून देते. दक्षिण अमेरिकेत कढत माते पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये हा सारा पुरावा पुन्हा तपासला आणि दोष पानांकडून काढून तापमानाकडे नेला. ६५ अंशांहून अधिक गरम पेये, मग ती कोणतीही असोत, 'बहुधा कर्करोगकारक' या गटात गेली आणि फार गरम नसलेल्या मातेला वर्गीकरण करण्यासारखा पुरावा नाही असे ठरले. नळीतून ओढलेला घोट जिभेला फारसा न लागता थेट घशात जातो, म्हणून तो किती कढत आहे हे कळतही नाही. तेव्हा ७० ते ८० अंशांचे पाणी ओतले, तरी घोट थोडा निवल्यावरच ओढावा. बशीत ओतून फुंकून चहा पिणारे आपले आजोबा याबाबतीत शहाणे होते. पाने धुरावर वाळवलेली असली तर त्यात धुरातली घातक द्रव्येही थोडी उतरतात. त्यामुळे दिवसाला लिटर-दोन लिटर पिण्याचा तिथला रिवाज मी उचललेला नाही.

औषधी म्हणून मला खरा आवडला तो पॅराग्वेचा थंड प्रकार, 'तेरेरे'. बर्फाच्या पाण्यात जंगलातल्या आणि परसातल्या औषधी वनस्पती कुटून घालतात आणि तेच पाणी येर्बावर ओततात. या वनस्पतींना ग्वारानीत 'पोहा न्याना' म्हणतात. तिथल्या बाजारात बायका लाकडी उखळी घेऊन बसतात, गिऱ्हाईक आपली तक्रार सांगते, पोट, डोके, अंगातली उष्णता, आणि त्याप्रमाणे त्या पाला निवडून तिथल्या तिथे ठेचून देतात. ही सारी परंपरा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्यांच्या जुड्यांत पुदिना असतो आणि आपला गवती चहाही असतो. नाशिकच्या एप्रिलमध्ये दुपारी दीडला आम्ही माठात वाळ्याची जुडी टाकतो, ते यापेक्षा वेगळे काय आहे? म्हणून मी वाळ्याच्या पाण्यात अंगणातला गवती चहा आणि आल्याचा तुकडा ठेचून घालते, तासभर ठेवते आणि ते गार पाणी येर्बावर सोडते. या एका प्रकाराला आमच्या ह्यांनीही नाव ठेवले नाही, आणि कढत घोटाची भीती यात मुळीच नाही.

तर भोपळा. पेठ तालुक्यातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गेल्या माघात मला दोन सुके कडू भोपळे आणून दिले. त्यांच्याकडे तारप्यासाठी लावतात, त्यातलेच लहान. एक कापताना तडकला. दुसऱ्याची मान मी बारीक करवतीने हळूहळू कापली, आतल्या बिया आणि कापसासारखा वाळका गर काढला आणि तो घेऊन तांबट आळीत गेले, कारण कापलेली कड उघडी राहिली तर तिला चीर जाते. दुकानातले काका सत्तरीचे. त्यांनी भोपळा हातात फिरवून पाहिला आणि विचारले, "महाराजांचा आहे का?" त्यांच्याकडे सिंहस्थात साधूंच्या कमंडलूंना कड्या बसवण्याचे काम येते. मी म्हटले की, नाही, यात मी चहासारखे काही तरी पिणार आहे. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मी लाखेने पट्टी बसवायला सुचवले, तर म्हणाले, "ताई, गरम पाणी घातलं की लाख पाझरेल." मग त्यांनी पितळी पत्र्याची बोटभर पट्टी कापली, तिच्या एका कडेला कात्रीने गव्हाएवढे दाते पाडले, लाकडी ठोकळ्यावर वळवून तिचे वळे केले, झाळ दिली, आतून कल्हई केली आणि भोपळ्यावर चढवून एकेक दाता लहान हातोडीने आत मुडपला. बावीस दाते मी मोजले. प्रत्येक ठोक्याआधी ते अंगठ्याने भोपळ्याची भिंत दाबून पाहत होते. एवढ्या कामाचे त्यांनी जे पैसे सांगितले, ते सांगायला मला संकोच वाटतो.

तुंबा देखणा झाला आहे. अडचण एकच आहे आणि ती वनस्पतिशास्त्राची आहे. मातेसाठी जे भोपळे लावतात ते पिढ्यान्‌पिढ्या त्या कामासाठी वापरले गेले आहेत. माझा भोपळा मात्र अस्सल कडू वाणाचा. हा कडवटपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि ती विषारी आहेत. दुधीचा कडू रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत, म्हणून रस कडू लागला तर घोटही गिळू नये असे डॉक्टर बजावतात. साधूंचे तुंबे आधी दिवसेंदिवस पाण्यात भिजवून, खडे घालून घुसळून साफ केलेले असतात. मीही तसेच केले. सहा आठवडे रोज पाणी भरायचे, दुसऱ्या दिवशी त्यातला एक थेंब जिभेच्या टोकावर ठेवून थुंकायचे आणि पाणी फेकायचे. सातव्या आठवड्यात गार पाण्याला चव उरली नाही. आनंदाने गरम पाणी भरले, तर कडवटपणा परत आला. उष्णतेने भिंतीत मुरलेले बाहेर काढले, हे उघडच आहे. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा गरम पाणी भरते आणि माते तूर्त काचेच्या पेल्यात पिते.

काल सकाळी परीक्षेचा थेंब जिभेवर ठेवला तेव्हा मला काहीच कडू लागले नाही. पण तीन वर्षे रोज माते पिणाऱ्या जिभेची साक्ष कितपत धरायची, म्हणून ह्यांना बोलावले आणि एक थेंब त्यांच्या बोटावर दिला. त्यांनी तो जिभेला लावला, डोळे मिटले, तोंड वाकडे केले, चूळ भरून आले आणि म्हणाले, "याला एकदा गंगेवर बुचकळून आण. पण उपयोग व्हायचा नाही, कीर्तनातला भोपळा सगळी तीर्थे करून आला तरी कडूच होता." मी तुंब्यात पुन्हा गरम पाणी भरून ठेवले आहे.